आडोसा आणि आखणी

व्यावहारिक पिस्तूल-नेमबाजीचे आंतरराष्ट्रीय मंडळ १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया येथे स्थापन झाले. अचूकता, शक्ती व वेग ही या क्रीडेची त्रिसूत्री होय. येथे पुष्कळ लक्ष्ये भिंतींआड असतात. म्हणून प्रारंभापूर्वी स्पर्धकांना रिंगण फिरून पाहू देतात. कोठे थांबावे, कोठून कोणते लक्ष्य दिसेल, काडतुसे पुन्हा कोठे भरावीत, हे तेव्हाच मनाशी ठरवावे लागते. आडोशाला खेटून उभा राहणारा अडखळतो. हातभर मागे राहणाऱ्यास पिस्तूल मोकळेपणी वळविता येते. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, म्हणून वेग हवाच. परंतु घाईत पिस्तुलाचे तोंड ठरलेल्या कोनाबाहेर गेले, की स्पर्धक तत्काळ बाद! आधी विचार, मग वेग, हाच येथील धडा.