प्रतिमानें : कामाचीं आणि फसवीं

मुंबई बेटावर १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत प्लेगनें दर आठवड्यास किती माणसें दगावलीं, याची नोंद राहिलेली आहे. पुढें १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत एक गणिती निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत या आंकड्यांबरोबर एक वक्र रेषा काढून दाखविली होती. निबंधाचे लेखक दोघे. मॅक्केंड्रिक हे हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरी केलेले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे एके काळचे संचालक. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत त्यांची दृष्टि गेलेली होती. त्यांची रेषा सावकाश चढत जाते, सतराव्या आठवड्याच्या सुमारास आठवड्याला ८९० मृत्यु या उंचीवर पोंचते आणि चढली तशीच उतरते. मुंबईचे आंकडे या रेषेला अगदीं बिलगून बसले.

अशा रेषेच्या मागें जी विचारांची मांडणी असते तिला शास्त्रांत प्रतिमान म्हणतात. व्यवहारांत आपण मॉडेल म्हणतों. वैद्य, इंजिनियर, अर्थशास्त्रज्ञ, विमेवाले, सर्वांचें काम आज प्रतिमानांवर चालतें. प्रतिमान म्हणजे काय, आणि एका शास्त्राचें प्रतिमान दुसऱ्या शास्त्रांत नेलें म्हणजे काय होतें, हें आपण आज पाहूं.

केरमॅक व मॅक्केंड्रिक यांनीं सर्व वस्तीचे तीन गट कल्पिले. रोग होऊं शकेल अशीं माणसें हा पहिला गट. रोगी हा दुसरा. आणि बरे झालेले अथवा मेलेले, म्हणजे ज्यांच्यापासून रोग आतां पसरत नाहीं असे, हा तिसरा. रोगी दुप्पट झाले तर नवे रोगी दुप्पट होतील, आणि निरोगी निम्मे उरले तर नवे रोगी निम्मे होतील, असें त्यांनीं धरलें. हा हिशेब मूळचा रसायनशास्त्रांतला. दोन द्रव्यें जितकीं दाट, तितकी त्यांची गांठ अधिक व क्रियाहि जलद, हा नियम गुल्डबर्ग व वागे या नॉर्वेच्या दोघां शास्त्रज्ञांनीं १८६४ सालीं मांडला होता. म्हणजे भांड्यांतील अणुरेणूंच्या जागीं चाळींतील माणसें आलीं.

या साध्या हिशेबांतून एक महत्त्वाची गोष्ट हातीं लागली. एक रोगी बरा होण्यापूर्वीं सरासरीनें एकाहून अधिकांना रोग देत असेल, तर साथ वाढते. एकाहून कमी जणांना देत असेल, तर ती विझत जाते. निरोगी माणसें विरळ झालीं कीं रोग्याला नवीं सावजें सांपडेनाशीं होतात. म्हणून सर्व लोक आजारी पडण्याआधींच साथ ओसरते. एक रोगी चौघांना रोग देत असला, तर शंभरांपैकीं पंचाहत्तरांहून थोडीं अधिक माणसें लशीनें सुरक्षित झालीं म्हणजे पुरे. उरलेलीं त्यांच्या आडोशानें वांचतात. डास व मलेरिया यांचा संबंध १८९७ सालीं सिकंदराबादेस शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनीं याच वळणाचा हिशेब आधींच मांडला होता. मलेरिया हटविण्यास शेवटचा डास मारण्याची गरज नाहीं, त्यांची संख्या एका मर्यादेखालीं आणली तरी पुरेल, असें त्यांनीं दाखविलें. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत ‘एक रोगी किती जणांना रोग देतो’ हा आंकडा घरोघर बोलला गेला. तो याच विचाराचा वंशज होय.

प्रतिमानाचा हा गुण. आतां त्याचा दोष पाहूं, आणि तोहि मुंबईच्याच उदाहरणांत. गांठींचा प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीं. तो उंदरांवरील पिसवांतून येतो. लेखकांना हें पूर्ण ठाऊक होतें. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया आहे असें आम्हीं धरलें आहे, आणि आमचीं गृहीतें तंतोतंत खरीं नाहींत, असें त्यांनीं निबंधांतच सांगून ठेवलें. शिवाय मुंबईंत १८९६ पासून प्लेग वर्षानुवर्षें परत येत होता आणि ऋतु पालटला कीं मंदावत होता. १९०६ च्या उन्हाळ्यांत साथ उतरली ती सावजें संपलीं म्हणून, कीं हवा बदलली म्हणून? रेषा पहिलें कारण सांगते. ऋतूंचा परिणाम गणितांत घेतल्याविना मुंबईच्या प्लेगचा उलगडा होत नाहीं, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविण्यांत आलें. रेषा जुळली एवढ्यावरून कोणी ‘शहर आतां निर्धास्त झालें’ असा निष्कर्ष काढता, तर पुढच्याच हंगामानें त्याला खोटें पाडलें असतें. रेषा जुळणें आणि कारण सांपडणें या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत.

प्रतिमान दुसऱ्या शास्त्रांत नेतांना तर अधिकच सावधगिरी लागते. १९६४ सालीं डेली व केंडॉल या गणितज्ञांनीं साथीचा हिशेब अफवेला लावून पाहिला. वरवर पाहतां दोन्ही सारखींच : एकाकडून दुसऱ्याकडे जाणारीं. परंतु रोगी आपोआप बरा होतो. अफवा सांगणारा आपोआप गप्प बसत नाहीं. समोरचा ‘हें तर मला ठाऊक आहे’ म्हणाला म्हणजे त्याची गोडी जाते. त्या दोघांनीं गणितांतलें हें एकच कलम बदललें, आणि निष्कर्षच पालटला. अफवेला विझण्याची मर्यादाच उरली नाहीं. कारण आरंभीं तिला थोपविणारा कोणीच नसतो, ती कितीहि मंद असली तरी पसरतेच. मात्र शेवटीं शंभरांपैकीं सुमारें वीस जणांच्या कानीं ती कधींच पडत नाहीं. साथीचें उत्तर अफवेला जसेंच्या तसें लावलें असतें, तर तें साफ चुकलें असतें.

अशी काळजी न घेतल्याचें उदाहरण पैशाच्या व्यवहारांत घडलें. पति-पत्नींपैकीं एक गेल्यास दुसऱ्याच्या आयुर्मर्यादेवर काय परिणाम होतो, हें मोजण्याची एक रीति विम्याच्या गणितांत होती. २००० सालाच्या सुमारास तीच रीति कर्जें एकदम बुडण्याचा संभव मोजण्यास लावण्यांत आली, आणि अमेरिकेंत घरांवर दिलेल्या कर्जांचे गठ्ठे बांधून विकणाऱ्यांनीं ती भराभर उचलली. कर्जांचा परस्परसंबंध एकाच आंकड्यांत बसविला होता, आणि तो आंकडा थोड्या वर्षांच्या, सुबत्तेच्या काळांतील अनुभवावरून घेतला होता. घरांच्या किंमती देशभर एकदम घसरल्या, तेव्हां तो संबंध राहिला नाहीं. २००८ च्या आर्थिक संकटाचीं कारणें अनेक होतीं. हें त्यांपैकीं एक.

याच्या उलट, पुण्याजवळ खडकवासल्यास जल व विद्युत् संशोधनाचें जें केंद्र आहे, तेथील शिस्त पाहण्यासारखी आहे. १९१६ सालीं सुरू झालेल्या या संस्थेंत धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृति करून त्यांत पाणी सोडतात. नदी शंभर पटींनीं लहान करतां येते, पण वाळूचा कण तितका लहान केला तर तो चिखलासारखा चिकटूं लागतो. म्हणून या विद्येंत प्रसंगीं वाळूच्या जागीं निराळा पदार्थ घालावा लागतो, आणि उत्तर मोठ्या नदीला लावतांना ही वजावट आधीं करावी लागते. काय लहान झालें नाहीं, हें इंजिनियराला तोंडपाठ असतें.

श्रोतेहो, साथीचा अंदाज, पावसाचें भाकित, विम्याचा हप्ता, बाजारभाव, असे अनेक हिशेब आपल्या घरांत वर्तमानपत्रांतून येत असतात. ते ‘शास्त्रीय’ आहेत म्हणून डोळे मिटून मानूं नयेत, आणि ‘कागदी’ आहेत म्हणून झिडकारूंहि नयेत. यांत काय गाळलें आहे, आणि हा हिशेब मूळ कोणत्या कामासाठीं केला होता, एवढें करणाऱ्याला विचारावें. १९२७ च्या त्या निबंधांत दोन्हींचीं उत्तरें लेखकांनीं आपण होऊन दिलेलीं आहेत. जेथें तीं मिळत नाहींत, तेथें आपला पैसा व आपलें आरोग्य त्या हिशेबाच्या हवालीं करण्यापूर्वीं थोडें थांबावें.