रोजा आणि रोजमेळ

पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाचे आदेश 183 ते 187 या आयतींत आले आहेत. रोजा कोणावर फर्ज आहे, आजारी आणि प्रवासी यांना सवलत काय, सहेरीची वेळ कधी संपते, हे सारे तिथे सांगितले आहे. त्याला लागूनच 188वी आयत येते. एकमेकांची मालमत्ता गैरमार्गाने खाऊ नका आणि दुसऱ्याचा पैसा लाटण्यासाठी हाकिमांना लाच देऊ नका, असा तिचा आशय आहे. रोजाला लागूनच पैशाचा विषय यावा, हे विचार करण्यासारखे आहे. जो माणूस अल्लाहच्या हुकमाने दिवसभर स्वतःच्या कष्टाचा हलाल घासही बाजूला ठेवतो, त्याने दुसऱ्याच्या हक्काचा घास कसा खावा?

हा प्रश्न 2019च्या रमजान ईदनंतर हजारो कुटुंबांना पडला. बेंगळुरूच्या ‘आय मॉनेटरी अॅडव्हायजरी’ म्हणजे आयएमए या कंपनीने ‘व्याज नाही, हलाल नफा’ असे सांगून वर्षानुवर्षे पैसा गोळा केला होता. सुमारे 4 हजार कोटी रुपयांच्या ठेवींचे हे प्रकरण. ईदच्या सुट्टीनंतर कार्यालय उघडलेच नाही. मालक मन्सूर खान दुबईला निघून गेला होता. जुलैमध्ये परतल्यावर दिल्लीत त्याला अटक झाली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. दरम्यान 40 हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या होत्या. मुलीच्या लग्नासाठी, हजसाठी, म्हातारपणासाठी पै-पै साठवणारी ही माणसे होती. बँकेच्या व्याजापासून दूर राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या ईमानदारीचाच गळ करून त्यांना पकडले गेले.

कायद्याला बगल कशी दिली गेली, तेही पाहण्यासारखे आहे. ठेवी घ्यायला परवानगी लागते, म्हणून ठेवीदारांना कागदोपत्री ‘भागीदार’ करण्यात आले. चौकशीत कंपनीला निर्दोष ठरवण्यासाठी लाच घेतल्याचा आरोप काही सरकारी अधिकाऱ्यांवरही ठेवला गेला. 188व्या आयतीतले दोन्ही इशारे इथे एकाच प्रकरणात समोर येतात.

खरे तर शरीयतमधली भागीदारी नफ्याबरोबर तोट्याचीही असते. जिथे तोट्याचे नावच नाही आणि दरमहा घसघशीत रक्कम हातात पडते, तिथे ‘हलाल’ पाटीखाली काय चालले आहे, हे विचारायला हवे होते. पण आपल्याकडे हिशेब मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, असा समज आहे. दाढी, टोपी आणि मशिदीतली ओळख पाहून आपण कागद पाहणे सोडून देतो.

कुरआन मात्र कागद मागायला सांगते. सूरह बकराचीच 282वी आयत ही संपूर्ण कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे आणि तिचा विषय देण्या-घेण्याच्या नोंदीचा आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, आणि लिहिणाऱ्याला वा साक्षीदाराला त्रास देऊ नका, असे ती सांगते. आज कंपनी कायदा लेखापरीक्षण सक्तीचे करतो, गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देण्याची व्यवस्था सूचिबद्ध कंपन्यांना करायला लावतो. आपल्याला ही गोष्ट नवी वाटायला नको.

एकदा बाजारातून जाताना पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. 2009 मध्ये उघडकीस आलेल्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रकरणात ताळेबंदावर बँकेतली खोटी शिल्लक दाखवलेली होती. वरून कोरडा, आतून ओला असा तोही ढीगच! फसवणुकीला कोणताही एक धर्म नसतो. ढिगात हात घालून पाहणारे कमी पडले की ती फोफावते.

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा 1999 पासून आहे. 2019 च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणली. अशा योजनेत पैसे गुंतवा म्हणून लोकांना गळ घालणाऱ्यालाही त्यात 1 ते 5 वर्षांची कैद आहे. तेव्हा ओळखीखातर कोणाची शिफारस करतानाही जपून. पैसे देण्यापूर्वी रिझर्व्ह बँक किंवा सेबीकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रारही करता येते.

या महिन्यात आपल्यापैकी अनेक जण जकात काढायला बसतील. अडीच टक्के काढण्यासाठी वर्षभराची मिळकत, देणे-घेणे सारे मांडावे लागते. तो हिशेब मांडताना आणखी एक रकाना ठेवू या : यातले कोणाचे हक्काचे तर माझ्याकडे राहिले नाही ना? नोकराचा थकलेला पगार, भावाबहिणीचा वारसा हक्क, भागीदाराला न दाखवलेला नफा. जकात आपल्या मालातून निघते. दुसऱ्याचा माल त्याला परतच करावा लागतो. रोजा सोडण्याची वेळ रोज ठरलेली असते, दुसऱ्याच्या अमानतीचा रोजा मात्र कधीच सुटत नाही.