विचारणाऱ्याचं काम

बार्शीत १९८७ साली देशातली ग्रामीण भागासाठीची पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कर्करोगाचे रुग्ण किती, हे मोजणं हा तिचा हेतू. पण शहरात रुग्णालयांची दप्तरं चाळून आकडा मिळतो, तसा इथं मिळेना. दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, बैठका घेऊ लागले, लक्षणं सांगून चौकशी करू लागले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय का? अंगावरून घाण वास येणारं पांढरं जातंय का? तोंडातली जखम भरत नाही असं घरात कुणी आहे का? शंका आली की दवाखान्यात यायला सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. मोजणीसाठी केलेल्या विचारपुशीतून हे घडलं, याचं मोल मला फार वाटतं. गावात काम करू पाहणाऱ्या स्वयंसेवकानं फेरी, फलक आणि भाषणापेक्षा आपला वेळ याच विचारपुशीवर खर्च करावा, आणि ती त्याच घरांत पुन्हा पुन्हा करावी.

‘पुन्हा पुन्हा’वर भर देण्याला कारण आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का, हे पाहण्याची स्वस्त तपासणी मात्र एकदा करून मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. तीच तपासणी मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयानं दर दोन वर्षांनी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. एका दिवसाचं शिबिर घेऊन वर्तमानपत्रात फोटो छापून आणणाऱ्या मंडळांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

यावर पहिला आक्षेप असा, की उपचार हाताशी नसताना माणसाला रोगाची शंका दाखवणं ही क्रूरता आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढं जाता येत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार होतात; पण बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचं तिकीट, शहरात राहण्याची सोय हे प्रश्न उरतातच. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथंही खेटे पडतात. संशयित बाईसोबत कोण जाणार, हे ठरलेलं नसेल तर शिबिर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा आक्षेप भीतीचा: लोक घाबरतील. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेली होती. भीती तर आजही आहेच, तपासणी मात्र नाही. ओळखीची आशाताई खालच्या आवाजात विचारते तेव्हा निदान उत्तर तरी मिळतं. स्वयंसेवकानं निदान करू नये, बरं होण्याची हमी देऊ नये, हे मात्र पाळायलाच हवं.

पुरुषांकडे या कामात फार कमी लक्ष जातं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात आरोग्यसेवकांनी घरोघरी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सगळ्या लोकसंख्येचा विचार केला तर फरक ठळक दिसला नाही. तेव्हा वेळ थोडा असेल तर तो गुटखा-तंबाखू खाणाऱ्यांना आणि मिश्री लावणाऱ्या बायकांना द्यावा. तोंडात तीन बोटं उभी मावतात का, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, एवढं पाहायला आरसा आणि उजेड पुरतो. मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. जागतिक कर्करोग दिन ४ फेब्रुवारीला येतो आणि बहुतेक कार्यक्रम त्याच सुमारास होतात. ऊसतोड टोळ्या तेव्हा गावात नसतात, कारखान्याच्या फडावर असतात. ही माणसं गाठायची तर दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी घरोघरी जावं लागेल. ते जमलं नाही तर मुकादमाला सांगून कोपीवर.