ओल्या कातळावर टायर कशानं धरतो?

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरतात. तिथे पावसाळ्यात सायकल काढली की एकाच फेरीत दोन अगदी वेगळ्या जमिनी लागतात. खाली शिवारात काळी माती, वर चढू लागलं की मुरूम आणि मग उघडा कातळ. उन्हाळ्यात हा फरक फक्त धक्क्यांतून जाणवतो. पाऊस पडला की मात्र या दोन जमिनी टायरकडून परस्परविरुद्ध गोष्टी मागतात. दुकानात टायर निवडताना बहुतेक जण एकच गोष्ट पाहतात: नक्षी किती खोल आहे. खोल नक्षी म्हणजे जास्त पकड, हा समज चिखलापुरता बराचसा खरा आहे. ओल्या खडकावर तो साफ खोटा ठरतो, आणि दुखापत होते ती खडकावरच.

शाळेत आपण शिकतो की घर्षण भारावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई फरशीवरून ओढली तर हा नियम बऱ्यापैकी पाळला जातो. रबर तो पाळत नाही. रबर खडकाच्या खाचाखोचांत शिरतं, त्यामुळे प्रत्यक्ष किती रबर दगडाला टेकलं आहे याला मोठं महत्त्व येतं.

रबर दगडाला दोन प्रकारे धरतं. पहिला प्रकार चिकटण्याचा. रबराचे रेणू आणि दगडाचा पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्यात क्षीण आकर्षण निर्माण होतं. कोरड्या दगडावर या आकर्षणाचा वाटा मोठा असतो, पण मध्ये पाण्याचा पातळ थर आला की तो बराच कमी होतो. मग उरतो दुसरा प्रकार, आणि पावसाळ्यात आपला जीव त्याच्यावरच असतो. टायर किंचित घसरू लागला की दगडाचा प्रत्येक उंचवटा रबराला दाबतो. दाबलेलं रबर पुन्हा पूर्ववत होतं, पण तत्काळ नाही, जरा आळसानं. या आळसामुळे उंचवट्याच्या समोरच्या बाजूवर रबराचा दाब जास्त राहतो आणि मागच्या बाजूवर कमी. हा फरकच घसरण्याला विरोध करतो, आणि त्यात खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. बेसॉल्टवरचे खडबडीत उंचवटे पाण्याच्या थराहून उंच असतात, म्हणून पाणी ही पकड पूर्णपणे मोडू शकत नाही. के. ए. ग्रॉश या शास्त्रज्ञानं 1963 मध्ये वेगवेगळी रबरं वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगांना घासून दाखवलं, की रबराचं घर्षण त्याच्या या लवचीक-आळशी स्वभावाशी थेट बांधलेलं आहे.

उसळणारा चेंडू आणि कणकेचा गोळा यांत जो फरक, तोच वेगानं पळणाऱ्या टायरच्या आणि ओल्या दगडाला धरणाऱ्या टायरच्या रबरात असतो. उसळतं रबर ऊर्जा परत देतं, म्हणून पायाला हलकं लागतं. आळशी रबर ऊर्जा खातं, म्हणून धरतं. दोन्ही गुण एकाच रबरात आणणं फार काळ अवघड होतं. मिशेलिननं 1992 मध्ये मोटारींच्या टायरमध्ये काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातली, तेव्हा वाट सापडली. चाक फिरताना रबर सेकंदाला काही दहा-शंभर वेळा दाबलं जातं, तर बारीक खडबडीवरून घसरताना हजारो ते लाखो वेळा. सिलिका घातलेलं रबर संथ दाबाला कमी ऊर्जा खातं आणि वेगवान दाबाला जास्त. डोंगरी सायकलींच्या चांगल्या टायरमध्ये आज हीच विद्या वापरलेली असते.

रबराचा मऊपणा शोअर-ए या मापात सांगतात. टिकाऊ टायरचा आकडा साधारण 60 किंवा त्याहून वर असतो, ओल्या दगडासाठीच्या मऊ टायरचा 42 ते 50 च्या घरात. मापयंत्र दुकानात नसतं, पण नख असतं. दोन टायर शेजारी ठेवून नक्षीच्या गुटक्यांवर नख दाबावं, फरक लगेच कळतो. स्वस्त गिअरच्या सायकलींवर येणारा टायर सहसा कडक असतो, कारण तो झिजू नये अशी अपेक्षा असते. तो वाईट टायर नव्हे. जालना ते अंबड डांबरी रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्याला तोच योग्य. ओल्या कातळावर मात्र त्याची नवी कोरी, खोल नक्षी फसवी आस लावते.

नक्षीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या पाणी बाहेर काढायला, म्हणून सायकललाही त्यासाठीच नक्षी लागते असं वाटतं. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. विमानांच्या चाकांसाठी नासाच्या अभियंत्यांनी 1960 च्या दशकात मांडलेलं सूत्र लावलं, तर 25 पीएसआय दाबाच्या टायरसाठी तो ताशी 80 किलोमीटरच्या पुढे येतो. डोंगरातल्या पायवाटेवर हा वेग कोण गाठतो? सायकल पाण्यामुळे तरंगत नाही. ती घसरते, कारण रबर दगडाला पुरेसं टेकलेलं नसतं.

उंच, विरळ गुटक्यांचा चिखलाचा टायर दगडावर का फसतो हेही यातूनच उलगडतं. टेकणारं रबर कमी, आणि प्रत्येक उंच गुटका वजन पडलं की वाकतो. वळणावर टायर डुचमळल्यासारखा वाटतो तो यामुळे. मध्यम उंचीचे, रुंद बुडाचे, मऊ रबराचे गुटके दगडावर जास्त धरतात. आणि गोटा झालेला मऊ टायर नव्या कडक टायरपेक्षा ओल्या स्वच्छ खडकावर चांगला धरू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी भौतिकशास्त्राला धरून आहे.

पण काळ्या मातीला हे काहीच मान्य नाही. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते, उन्हाळ्यात तेच पाणी गेलं की भेगाळते. ओली झाली की ती नक्षीच्या फटींत बसते, तिच्यावर आणखी माती चढते, आणि थोड्याच वेळात चाक मडगार्डला घासून थांबतं. म्हणून इथे गुटके दाट असून चालत नाहीत. त्यांच्यात एवढं अंतर हवं की चाक फिरताना माती झटकली जाईल. शिवारातून मातीनं माखलेलं चाक तसंच कातळावर नेलं, तर रबर दगडाला टेकतच नाही, मध्ये चिकणमातीचं वंगण असतं. रुंद टायर घेताना चिमट्यात जागा किती उरते ते आधी पाहावं ते याचसाठी.

हवेकडे मात्र लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिला पैसे पडत नाहीत. मागच्या चाकावर 50 किलो भार असेल, तर 40 पीएसआयला टायर जमिनीला अंदाजे 18 चौरस सेंटिमीटर टेकतो. 28 ला तेच क्षेत्र 25 चौरस सेंटिमीटरपर्यंत जातं. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. शिवाय कमी हवेचा टायर टोकदार दगडाभोवती वळतो. टणक भरलेला टायर त्याच दगडावरून उडतो, आणि हवेत असलेला टायर काय धरणार? ट्यूब असेल तर फार खाली जाता येत नाही. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या भिंतीवर छापलेल्या किमान दाबाखाली जाऊ नये, पण तिथवर दोन-दोन पीएसआयनं उतरत पाहावं. ट्यूबलेसमध्ये ही अडचण बरीच कमी होते, आणि आतला द्रव बाभळीच्या काट्यांची भोकंही बुजवतो. मराठवाड्यात या एका कारणासाठीही ट्यूबलेसचा खर्च वसूल होतो.

पाऊस किती पडला यावरही बरंच ठरतं. जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 मिलीमीटर पाऊस होतो आणि मधे मोठी उघडीप असते. उघडिपीत कातळावर धूळ बसते. मग आलेली हलकी सर ती धूळ वाहून नेत नाही, तिचा निसरडा लेप करते. तासभर झोडपून पडलेल्या पावसानं धुतलेला कातळ याहून खूप सुरक्षित. श्रावणापासून सावलीतल्या, पाझर असलेल्या खडकावर शेवाळ धरतं. त्याचा बुळबुळीत थर दगडाचे बारीक उंचवटेच झाकून टाकतो, म्हणजे रबराला दाबणारं काही उरतच नाही. यावर कुठलाही टायर उपाय नाही. वेग आधीच कमी करून, ब्रेक सोडून, सायकल न कलवता सरळ पार व्हावं, किंवा उतरून चालावं.

युरोपातल्या परीक्षणांमध्ये थंडीत मऊ राहणाऱ्या रबराचं कौतुक असतं. आपला पाऊस उबदार असल्यानं ती काळजी इथे नाही, अतिमऊ महागडं रबर घेण्याची घाईही नाही. माझ्या मते इथल्या मिश्र जमिनीसाठी मध्यम उंचीचे, मोकळ्या अंतराचे गुटके असलेला टायर दोन्हीकडे घ्यावा. पुढचा मऊ, मागचा जरा कडक आणि जाड भिंतीचा. मागचं चाक घसरलं तर अंग सावरायला क्षण मिळतो, पुढचं घसरलं तर मिळत नाही. शिवाय पॅडलचा जोर मागच्यावर असल्यानं मऊ रबर तिथे भराभर झिजतं. घेताना भिंतीवरचा आकडा पाहावा. 26 इंची चाकाला 559, 27.5 ला 584 आणि 29 ला 622 लिहिलेलं असतं. पैसे एकाच टायरपुरते असतील, तर मऊ टायर घेऊन तो पुढे बसवावा आणि पुढचा जुना मागे टाकावा.