मत कामाला की कामाच्या खर्चाला?

राजापूर तालुक्यातील नाटे हे खाडीकाठचे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते जैतापूरच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पामुळे. एप्रिल २०११ मध्ये तेथील आंदोलनाला हिंसक वळण लागले, पोलिसांच्या गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला आणि काही दिवस गावाचे नाव सर्वत्र गाजले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाबाबत गावाचे मत कोणी, कसे आणि केव्हा विचारावयास हवे होते, हा वाद मोठा आहे. तो या लेखाचा विषय नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो त्याहून पुष्कळ लहान, पण रोजच्या जीवनाशी अधिक निगडित अशा प्रश्नाचा. वाडीची पाखाडी, वहाळावरचा साकव, नळपाणी योजना, रस्त्यावरची दिवाबत्ती, या कामांबाबत मत देण्याचा अधिकार गावाला कायद्याने निःसंदिग्धपणे दिलेला आहे. तो अधिकार आपण कसा वापरतो, आणि तो वापरताना खर्चाचा भार कोणी उचलावयाचा याचाही निर्णय करतो काय?

कायद्याच्या बाजूने पाहिले तर उणीव फारशी नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय नमूद झाले. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेची तरतूद आहेच. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही त्यात सांगितले आहे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या शेवटच्या तरतुदीत सगळी मेख आहे. पहिल्या सभेला कोणी फिरकले नाही तरी चालते. दुसऱ्या सभेला जे दहा-वीस जण हजर असतील त्यांचे मत हेच गावाचे मत ठरते.

मग लोक सभेला का येत नाहीत? आळस, अज्ञान, राजकारण ही नेहमीची उत्तरे आहेत. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला निराळे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या पैशाबद्दल मत द्यावयाचे तो पैसा आपला आहे, असे सभेला बसलेल्या माणसाला वाटत नाही.

वरून येणारा पैसा

चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना सुमारे दोन लाख कोटी रुपयांचे अनुदान सुचविले, आणि ते थेट ग्रामपंचायतींच्या पदरात पडावे अशी व्यवस्था केली. महाराष्ट्रात याच निमित्ताने ‘आमचा गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू झाला आणि ग्रामसभेने गावाचा आराखडा करावयाचा, असे ठरले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित केला व ४० टक्के अबंधित ठेवला. म्हणजे दर शंभर रुपयांपैकी चाळीस रुपयांबाबतच गावाला खऱ्या अर्थाने निवड करता येत होती.

या अनुदानांमुळे पुष्कळ गावांत कामे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याच्या पैशावर मत मागितले की ते मत राहत नाही, मागणी होते. मागणीला अंत नसतो. प्रत्येक वाडी आपले काम यादीत घालते, यादी लांबते, आणि लांबलेल्या यादीतून कोणती कामे उचलावयाची हे शेवटी सरपंच, ग्रामसेवक व ठेकेदार यांच्या बैठकीत ठरते. ग्रामसभेने निवड केलेली नसते. निवड करण्याचे काम तिने दुसऱ्याकडे ढकललेले असते.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ क्नुट विक्सेल याने १८९६ साली न्याय्य करआकारणीविषयी एक तत्त्व मांडले. सार्वजनिक खर्चाचा कोणताही प्रस्ताव एकटा मताला टाकू नये. त्या खर्चाचा भार कोणी किती उचलावयाचा याची योजना त्याला जोडूनच मत घ्यावे, आणि शक्य तो जवळजवळ सर्वांची संमती मिळेल अशी योजना शोधावी, असे त्याचे म्हणणे होते. संसदेसाठी मांडलेले हे तत्त्व गावाच्या सभेला अधिक चपखल बसते, कारण येथे काम डोळ्यांसमोर असते आणि वर्गणी देणारेही एकमेकांना ओळखत असतात.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच नवा नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ साली सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात पाणीयोजनेच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के वाटा गावाने लोकवर्गणीतून द्यावयाचा होता. २०१९ च्या जल जीवन मिशननेही गावांतर्गत कामांसाठी तशीच अपेक्षा ठेवली. दहा टक्के ही रक्कम शासनाच्या दृष्टीने किरकोळ असेल. पण ती देताना माणूस विचारतो, की विहीर उन्हाळ्यात टिकेल काय, पंपाचे वीजबिल कोण भरणार, नळ शेवटच्या घरापर्यंत येणार काय? हे प्रश्न हाच वर्गणीचा खरा लाभ होय. ठेकेदाराने किंवा गावातील एखाद्या धनिकाने ती रक्कम परस्पर भरून टाकली, तर कागद पूर्ण होतो, प्रश्न मात्र विचारले जात नाहीत.

कोकणातील पेच

रत्नागिरी जिल्ह्यात या तत्त्वाची अंमलबजावणी करताना एक खास अडचण उभी राहते. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या दोन आकड्यांत कोकणची सारी कहाणी आली. कर्ता पुरुष मुंबईला, आणि घर, शेत, गुरे व म्हातारी माणसे बाईच्या हवाली. एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर घरे चालत. गिरण्यांची चाळ गेली, मनीऑर्डर गेली, पण पैशाची वाट तीच राहिली.

मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी कोकणातील गावांसाठी जे केले ते मोलाचे आहे. शाळेच्या इमारती, देवळांचे जीर्णोद्धार, विहिरी, रस्ते यांसाठी चाकरमान्यांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गण्या दिल्या. पण येथे देणारा आणि वापरणारा हे दोन वेगळे झाले आहेत. मुंबईकर गणपतीला व शिमग्याला येतो. त्याला देवळाचा सभामंडप आणि वाडीची कमान दिसते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून डोक्यावर भारा घेऊन उतरणारी बाई बारा महिने तेथेच असते. विपुल पाऊस पडूनही जांभ्याच्या कातळातून पाणी झिरपून जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत हंड्यासाठी पायपीट करण्याची वेळ तिच्यावर येते. पैसा ज्याच्या हाती त्याच्या पसंतीचे काम आधी होते. ज्याला रोज चालावयाचे आहे त्याच्या पसंतीचे मागे राहते. कोणाच्याही मनात खोट नसताना हे घडते, म्हणूनच त्यावर उपाय हवा.

हा उपाय खर्चवाटणीच्या मतदानात आहे. उदाहरणादाखल एक वाडी कल्पू. घरे शंभर, काम पाच लाखांचे, लोकवाटा दहा टक्के म्हणजे ५० हजार. सरसकट वाटणी केली तर प्रत्येक घरावर ५०० रुपये येतात. पण यांतली चाळीस घरे वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असून मालक मुंबईला कमावते आहेत, आणि पंधरा घरांत मिळवते कोणीच नाही, असे समजू. मुंबईकरांच्या घरांनी प्रत्येकी ८००, गावातील मिळवत्या पंचेचाळीस घरांनी प्रत्येकी ४०० रुपये द्यावेत आणि उरलेल्या पंधरा घरांनी श्रमदान करावे, अशी दुसरी योजना मांडली, तरी तेच ५० हजार जमतात. या दोन योजनांपैकी कोणती न्याय्य, हे ठरविण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही. वाडीतल्या माणसांना ते समजते. गरज आहे ती हा प्रश्न उघडपणे सभेपुढे ठेवण्याची.

नुसती डोकी मोजून भागेल काय?

मतदान घेतले की न्याय झाला, अशी एक भाबडी समजूत आहे. फ्रेंच गणिती काँदॉर्से याने १७८५ मध्येच तिला धक्का दिला. सारख्याच मतसंख्येच्या तीन वाड्या घ्या. वरच्या वाडीला आधी पाणी, मग पाखाडी, मग साकव हवा. मधल्या वाडीला आधी पाखाडी, मग साकव, मग पाणी. खालच्या वाडीला आधी साकव, मग पाणी, मग पाखाडी. आता दोन-दोन कामांवर मते घ्या. पाणी पाखाडीला हरविते, पाखाडी साकवाला हरविते, आणि साकव पाण्याला हरवितो! बहुमत गोल फिरत राहते. अशा वेळी कोणता ठराव आधी मताला टाकावयाचा हे ज्याच्या हाती, निकालही त्याच्याच हाती. सभेच्या अध्यक्षाची खुर्ची एवढी हवीहवीशी का वाटते, याचे एक उत्तर या कोड्यात सापडेल.

दुसरा धोका अधिक उघड आहे. तीनशे मतांची वाडी आणि चाळीस मतांची वाडी यांत दर वेळी डोकी मोजली, तर चाळीसांच्या वाडीला पाखाडी कधीच मिळणार नाही. नाटे व साखरी नाटे यांसारख्या किनारी गावांत बागायतदार, शेतकरी, मच्छीमार असे भिन्न व्यवसायांचे लोक शेजारी राहतात. प्रत्येकाची निकड निराळी. तेथे संख्येचा नियम एकट्याने राबविला तर तो एका वस्तीचे दुसरीवरील वर्चस्व होऊन बसतो.

ज्या ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे नगराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात सामील करून घेण्याचा प्रयोग केला, तेथे याची जाणीव होती. भागाभागांत निधी वाटताना नागरिकांच्या पसंतीबरोबर त्या भागाची लोकसंख्या आणि सोयींची उणीव यांनाही गुण दिले जात. केरळने १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू करून राज्याच्या योजनाखर्चाचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला, आणि मोठ्या सभेचे छोटे विषयवार गट पाडून चर्चा घडविली. आपल्याकडे पुणे महानगरपालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून प्रभागातील छोट्या कामांच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. पाऊल चांगले होते. पण सूचना नागरिकांची आणि निवड प्रभाग समितीची, अशी ती रचना असल्याने ते मतदान नव्हे, अर्जच ठरले.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव दुसऱ्याच टोकाला आहे. तेथे ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही, सर्वसहमतीने करते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबूविक्रीचा अधिकार या गावाने मिळविला, तो या सवयीच्या बळावर. मात्र मेंढा हे लहान, एकजिनसी गोंड गाव आहे. भिन्न जातिधर्मांच्या आणि परस्परांपासून मैल-मैल अंतरावरच्या वाड्यांच्या कोकणी गावाला सर्वसहमती दर वेळी साधेलच असे नाही. तिची वाट पाहताना काम राहून जाईल. म्हणून कोकणाला बहुमत आणि सहमती यांमधला मार्ग हवा.

काय करता येईल?

यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. आहे त्या चौकटीत ग्रामसभेने ठराव करून चार गोष्टी अमलात आणाव्यात. पहिली : सभेच्या आठ दिवस आधी प्रत्येक कामाचा अंदाजित खर्च, अनुदान किती, लोकवाटा किती आणि पुढील देखभालीसाठी दरसाल किती, हे चार आकडे प्रत्येक वाडीत फलकावर लावावेत. हे आकडे नसलेले काम मताला टाकूच नये. दुसरी : पिण्याचे पाणी आणि पावसाळ्यात शाळेत जाण्याची वाट, या किमान गरजा ज्या वाडीत नाहीत तिचे काम मतदानाबाहेर ठेवून आधी करावे. गरज आणि पसंती यांत फरक आहे; मतदान पसंतीसाठी असते. तिसरी : उरलेल्या कामांना हात वर करून नव्हे, तर चिठ्ठीवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहून मत द्यावे, म्हणजे ठरावांच्या क्रमाचा खेळ चालणार नाही, आणि महिला सभेचा कौल मुख्य सभेत सर्वांत आधी वाचून दाखवावा. गुप्त मतदान गावाला झेपणार नाही, असे कोणी म्हणू नये. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रातील अनेक गावांत स्त्रियांनी ‘आडवी बाटली’ला चिठ्ठीनेच मते दिली आहेत, आणि त्यासाठी एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचा कौल गोळा केला आहे.

चौथी गोष्ट मुंबईकरांविषयी. ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत नाही त्याला ग्रामसभेत मत नाही, हे योग्यच आहे. पण त्याला बोलू द्यावे. मंडळाने आपली वर्गणी एखाद्या ठरावीक कामाला न बांधता, गाव जेवढी रक्कम उभी करील तेवढीच भर आम्ही घालू, असे आधी जाहीर करावे. देणाऱ्याचा मान त्याने कमी होत नाही. निवड मात्र तेथे राहणाऱ्याच्या हाती राहते.

यावर एक आक्षेप येईल. गरीब माणसाने कर भरावा आणि वर वर्गणीही द्यावी, हा कोठला न्याय? आक्षेप रास्त आहे. लोकवाट्याच्या नावाखाली शासनाला आपली जबाबदारी झटकू देता कामा नये, आणि ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही त्याचे मत त्यामुळे हलके होता कामा नये. पण भार कसा वाटावा याचा निर्णय गरिबाच्या हाती दिल्याने त्याचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते हा निर्णय त्याच्या माघारी, तहकूब सभेत होतो तेव्हा. पंचायत राज्याची परीक्षा अनुदानाच्या आकड्यांनी होणार नाही. चाळीस घरांच्या वाडीतील बाईने विचारलेल्या ‘आमच्या पाखाडीचे काय, आणि तिचे पैसे कोण देणार?’ या प्रश्नाला, ती सभेत बसलेली असताना, कोणाला तरी उत्तर द्यावे लागते की नाही, यावरच ती होईल.