चाकांवरून बर्फावर

फजरची नमाज झाली की आमची लेक स्केट्सची पिशवी खांद्याला अडकवते आणि आम्हा दोघांपैकी एकजण तिला रिंकवर सोडायला जातो. गेली सात वर्षे पुण्यात आमचा हा नेम आहे. कपाटावर शाळेच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांतली पदके आहेत, तिच्या गुडघ्यांवर जुने व्रण आहेत. म्हणूनच गेल्या मे महिन्यात तिला गुरुग्रामला खऱ्या बर्फावर नेले, तेव्हा आम्हाला वाटले होते, ही तासाभरात धावू लागेल.

ती पाच मिनिटांतच पडली. उठली, पुन्हा पडली. सहा-सात वर्षांची मुले तिच्या शेजारून सरसर निघून जात होती. तास संपला तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "अम्मी, मला येत होतं ते सगळं गेलं."

पोरीच्या तोंडून असे ऐकताना काय वाटते, ते आईबापांनाच कळेल. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. प्रवासाचा खर्च, पुढच्या वर्षी दहावी, आणि त्यात ही निराशा. परत जावे का?

काय कामी येते, काय आड येते

दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रशिक्षकांशी बोललो, तेव्हा गोष्टी उलगडल्या. चाकांवर शिकलेले वाया जात नाही. गुडघे वाकवून खाली बसणे, एका पायावर तोल धरणे, पाय मागे न ढकलता बाजूला ढकलणे, वळणावर डाव्या पायावरून उजवा पाय टाकणे, हे सगळे बर्फावर उपयोगी पडते. नवख्या मुलाला ज्याला महिने लागतात, ते आमच्या लेकीच्या अंगात आधीच होते.

अडचण होती ती सवयींची. पहिली सवय थांबण्याची. चाकांच्या स्केटला मागे रबरी ब्रेक असतो, किंवा एक पाय मागे आडवा घासून थांबता येते. बर्फावरच्या स्केटला ब्रेक नसतो. तिथे पाते आडवे करून बर्फ खरवडत थांबावे लागते. चाक असे आडवे सहज घसरत नाही, म्हणून ही हालचाल तिच्या पायांना ठाऊकच नव्हती.

दुसरी गोष्ट धारेची. पाते जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. त्याच्या तळाला मधोमध खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धार. एक आतली, एक बाहेरची. वळायचे तर त्या धारेवर विश्वास टाकून अंग झुकवावे लागते. चाक घसरेल या भीतीने आमची लेक वळणावर अंग आवरून धरत होती.

तिसरी गोष्ट हाताची. डांबरी रस्त्यावर हात टेकला की कातडी सोलून निघते, म्हणून सात वर्षे आम्हीच तिला सांगत आलो होतो, "हात खाली टेकू नकोस." बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅक शर्यतीत मात्र खेळाडू वळणावर डाव्या हाताची बोटे मुद्दाम बर्फावर टेकवतात. त्यांच्या हातमोज्यांच्या टोकांना त्यासाठी गुळगुळीत टोप्या बसवलेल्या असतात. आम्ही जे जपायला शिकवले, तेच आता सोडायचे होते.

आधी बर्फ, मग चाके

खरे तर चाकांचे स्केट जन्मले तेच बर्फावरच्या स्केटची नक्कल म्हणून. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन यांनी चाकांचे स्केट करून पाहिले. अमेरिकेत मिनेसोटाच्या ऑल्सन बंधूंनी १९८० च्या सुमारास एका रेषेत चाके असलेले स्केट लोकप्रिय केले, ते बर्फावरच्या हॉकीचा सराव उन्हाळ्यातही करता यावा म्हणून. ते लोक बर्फ वितळला म्हणून चाकांवर आले. आपली मुले बर्फ नाही म्हणून चाकांवर शिकतात आणि मग बर्फाकडे निघतात.

याला एक कारण ऑलिंपिकचे आहे. चाकांवरच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये नाहीत. आशियाई स्पर्धांत त्या झाल्या आहेत, आणि २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या मुलामुलींनी ३००० मीटर रिलेत दोन कांस्यपदके आणली. पण ऑलिंपिकचे स्वप्न असेल तर पाय बर्फावर ठेवावा लागतो.

हाच रस्ता अमेरिकेच्या एरिन जॅक्सन यांनी धरला. त्या फ्लोरिडातल्या ओकाला गावच्या. तिथे बर्फ कुठला? चाकांवर त्या नावाजलेल्या होत्या. बर्फावर जेमतेम चार महिने सराव झाला असताना त्या २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी निवडल्या गेल्या आणि ५०० मीटरमध्ये चोविसाव्या आल्या. २०२२ च्या निवड चाचणीत त्यांचा पाय घसरला आणि जागा हुकली. तेव्हा त्यांच्याच गावच्या, चाकांवरूनच आलेल्या ब्रिटनी बो यांनी त्या शर्यतीतली आपली जागा त्यांना देऊ केली. बीजिंगमध्ये जॅक्सन यांनी ३७.०४ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. चोविसाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत यायला चार वर्षे लागली, हे आम्ही लेकीला मुद्दाम सांगितले.

घरात विचारले जाणारे प्रश्न

दादीचा पहिला प्रश्न कपड्यांचा होता. तो आम्ही टाळला नाही. अबुधाबीच्या झहरा लारी २०१२ मध्ये इटलीतल्या एका स्पर्धेत हिजाब घालून बर्फावर उतरल्या, तेव्हा त्यासाठी त्यांचा गुण कापला गेला. त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे आपली बाजू मांडली आणि पुढे नियम बदलला. ही हकीकत ऐकून दादी म्हणाल्या, "मग पोरीला गारठ्यात गरम कपडे तरी घाला!"

दुसरा प्रश्न जागेचा. सिमल्याची रिंक १९२० पासूनची आहे, पण तिथला बर्फ नैसर्गिक, म्हणजे फक्त थंडीतला. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली गेली. लेहमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात. म्हणजे पुण्याच्या मुलीला बर्फ हवा तर घर सोडून जावेच लागते. आम्ही ठरवले, वर्षातून दोन सुट्ट्या बर्फासाठी, बाकी वर्ष चाकांवर. दहावी संपेपर्यंत याहून जास्त नाही.

ज्या घरांत असा विचार चालू असेल, त्यांच्यासाठी दोन-चार अनुभवाच्या गोष्टी. भाड्याच्या स्केट्सची धार बोथट असू शकते. पोराला दोष देण्याआधी धार पाहून घ्या. बूट घोट्याशी घट्ट बांधा. पात्यावर प्लास्टिकचे आवरण चढवल्याशिवाय फरशीवर चालू देऊ नका. हेल्मेट आणि हातमोजे घालायलाच लावा. पहिले दोन दिवस फक्त पडणे, उठणे आणि थांबणे शिकू द्या. आणि घरी आणलेल्या पदकांची आठवण कठड्यापाशी उभे राहून काढू नका. ही चूक आम्ही केली.

पहिल्या दिवशी आम्ही तिला म्हणालो होतो, "अगं, तू तर चॅम्पियन आहेस!" तिला धीर द्यायला बोललो, पण त्या शब्दांनी तिचे ओझे वाढले. ज्याला काहीच येत नाही त्याला पडण्याची लाज वाटत नाही. ज्याला येते त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो, "आज तू नवीन आहेस. नवख्यासारखी शिक."

पाचव्या दिवशी ती रिंकच्या मध्यापर्यंत गेली, दोन्ही पाती आडवी केली आणि बर्फाचा भुगा उडवत थांबली. मग आमच्याकडे वळून पाहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त हात वर केला. तिला पुन्हा एकदा थांबून पाहायचे होते.

डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटे काढली आहेत. इन्शाअल्लाह, या वेळी दादीही सोबत येणार आहेत, गरम कपड्यांची बॅग घेऊन.