हेमंत, मेद आणि घोडा : गुरु-अपतर्पणाचा एक विचार

तुळशीविवाह आटोपले की लग्नसराई सुरू होते आणि हिवरा आश्रम व मेहकर परिसरातील रस्त्यांवर वरातीचे घोडे पुन्हा दिसू लागतात. चातुर्मासात या घोड्यांना काम जवळजवळ नसते. चारा मात्र हिरवा, कोवळा व मुबलक असतो. त्यामुळे हेमंतात प्रवेश करतानाच अनेकांच्या आयाळीच्या मुळाशी, खांद्यामागे व शेपटीच्या बुंध्याशी मेद साचलेला असतो. मार्गशीर्षात थोडे काम होते, पौषात लग्ने थांबतात आणि घोडा पुन्हा दावणीला उभा राहतो. नेमक्या याच काळात थंडी बाधू नये म्हणून मालक हरभरा, गूळ व तूप वाढवितो, आणि घोडा सुटला आहे म्हणून औषधी दुकानात येऊन मेदोहर गुग्गुळ मागतो. संतर्पण व लेखन एकाच वेळी चालविण्याचा हा प्रकार आहे. वैद्यबंधू व औषधी विक्रेते या दोघांनाही तो प्रश्न सामोरा येत असल्याने त्याचा शास्त्रीय विचार येथे करीत आहोत.

शास्त्रातील विरोधाभास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंत ऋतूची चर्या आली आहे. शीताने शरीरस्थ उष्मा आत कोंडला जातो, अग्नी बलवान होतो आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूचेच शोषण करतो. म्हणून गुरु व स्निग्ध आहार सांगितला आहे. एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन आहे. तेथे मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठातच संचार करतो व अग्नीस प्रदीप्त करतो. स्थूलास भूक अधिक लागते आणि ती मारल्यास विकार बळावतात. म्हणजे हिवाळ्यातील स्थूल प्राण्याचा अग्नी दोन कारणांनी प्रखर असतो. त्यास उपाशी ठेवणे घातक, आणि पौष्टिक आहार देणे मेदवर्धक.

आचार्यांनी यातून काढलेली वाट म्हणजे गुरु-अपतर्पण : पचावयास जड, परंतु पोषणास हलके असे द्रव्य. अग्नी त्यात गुंतून राहतो आणि मेद मात्र वाढत नाही. आमच्या मते घोड्याच्या बाबतीत हे तत्त्व जितके चपखल लागू पडते, तितके ते मनुष्याच्या बाबतीतही क्वचितच पडत असेल.

घोड्याचा कोष्ठ

घोड्याचे जठर लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे असते. त्याचे खरे पचन मागील भागात, उंडुक व बृहदंत्रात होते. तेथील सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू आंबवितात व या क्रियेत सतत उष्णता निर्माण होते. धान्यापेक्षा सुका चारा घोड्यास अधिक ऊब देतो, तो यामुळेच. याउलट हरभरा, मका व गूळ यांतून ऊर्जा झपाट्याने मिळते आणि बसून असलेल्या घोड्यात ती मेदरूपाने साठते. १०० ग्रॅम तुपात जवळपास अर्धा किलो सुक्या गवताइतकी ऊर्जा असते. मालकाच्या दृष्टीने मात्र ते केवळ दोन पळ्या तूप असते.

थंडीची भीतीही अवाजवी आहे. सौम्य हवामानात राहणाऱ्या प्रौढ घोड्यास साधारणतः ५ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेल्यावरच उबेसाठी अधिक आहार लागतो. बुलडाणा जिल्ह्यातील बहुतेक हिवाळी रात्री याहून उबदार असतात. कोरडी जागा व वाऱ्यापासून आडोसा पुरेसा असतो. स्थूल घोड्यावर झूल घालू नये. थंडीस तोंड देताना त्याचा साठलेला मेदच खर्ची पडतो.

मोजमाप

डोळ्यांचा अंदाज फसवा असतो, विशेषतः जेथे भरदार घोडा हेच भूषण मानले जाते. १९८३ साली हेनेके यांनी मांडलेली १ ते ९ गुणांची शरीरस्थिती-श्रेणी आज सर्वत्र वापरली जाते. ५ गुण म्हणजे मध्यम : बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. ७ वा अधिक गुणांचा घोडा स्थूल समजावा.

वजनाचा अंदाज फितीने घेता येतो. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८० असे केल्यास वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर १७५ व लांबी १५० असल्यास वजन सुमारे ३८७ किलो भरते. दर पंधरा दिवसांनी हे माप घेऊन वहीत नोंदवावे.

पौषातील आहारयोजना

१. काम नसलेल्या स्थूल घोड्याचा हरभरा, मका, गूळ व तूप ७ ते १० दिवसांत क्रमाने बंद करावे.

२. वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा रोज द्यावा. वरील घोड्यास सुमारे साडेसहा किलो सुके गवत होते. पशुवैद्यकाच्या देखरेखीशिवाय यापेक्षा कमी करू नये.

३. हा चारा चार वाट्यांत विभागावा व एक वाटा रात्रीसाठी ठेवावा. दीर्घकाळ रिकामे राहिल्यास घोड्याच्या जठरात व्रण होतात.

४. गवत चांगल्या प्रतीचे असल्यास अर्धा ते एक तास पाण्यात भिजवून, पाणी टाकून द्यावे. त्यातील काही शर्करा निघून जाते.

५. निव्वळ भरड कुटारावर घोडा ठेवू नये. हिवाळ्यात पाणी कमी प्यायले जाते व असा चारा आतड्यात अडकून शूल उद्भवतो. कोमट पाणी व रोज सुमारे ३० ग्रॅम मीठ द्यावे.

६. पायांत लंगड नसल्यास रोज अर्धा ते पाऊण तास चालवावे; गती हळूहळू वाढवावी. व्यायामावाचून केवळ आहाराने मेद मंदगतीने उतरतो.

तत्त्व घ्यावे, यादी नव्हे

शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाची अश्वचिकित्सा व जयदत्ताचे अश्ववैद्यक यांमुळे अश्वचिकित्सा आपल्या शास्त्राची शाखा आहे, याचा अभिमान योग्यच आहे. तथापि मनुष्याच्या स्थौल्यात सांगितलेले यव वा मधूदक घोड्यास जसेच्या तसे देता येत नाही. त्याच्यासाठी यव म्हणजे पिष्टमय धान्य व मध म्हणजे शर्कराच. तसेच मनुष्याची गुग्गुळाची मात्रा वजनाच्या पटीत वाढवून घोड्यास देण्यास आधार नाही. औषधी विक्रेत्यांनी अशी मागणी आल्यास पुडी बांधण्याऐवजी पशुवैद्यकाकडे पाठवावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. आपली पदवी तो देत नाही.

यात प्राण्याचे पाय पणास लागलेले असतात. स्थूल घोड्यात खुरातील संवेदनशील थराचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, सहज उद्भवतो. खूर गरम लागणे, पुढचे पाय पुढे रोवून मागे रेलून उभे राहणे, वळताना कचरणे ही लक्षणे दिसताच चालविणे थांबवून पशुवैद्यकास तातडीने बोलवावे. उशीर झाल्यास खुरातील अस्थी स्थानभ्रष्ट होऊन घोडा कायमचा निकामी होतो व त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाची मिळकतही जाते. दुसरे टोकही तितकेच धोक्याचे : स्थूल तट्टू किंवा गाढव एकाएकी उपाशी ठेवल्यास साठलेला मेद रक्तात उतरून यकृत बिघडते व प्राणी दगावू शकतो. स्थूलाची भूक मारू नये, हा आचार्यांचा इशारा येथे शब्दशः खरा ठरतो.

माघात लग्ने पुन्हा सुरू होतात. पौषाचे हे चार आठवडे सुका चारा, पाणी व चाल यांत काढले तर घोडा वरातीपुढे हलक्या पायाने उभा राहील. दुकानात गुग्गुळ मागावयास आलेल्या मालकास प्रथम फीत आणि तराजू यांची वाट दाखवावी, असे आम्ही सुचवितो.